घटक ५ : वस्तीतील उद्यान – निर्मिती, जोपासना आणि रहिवाशांचा सहभाग

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• सार्वजनिक उद्यानाचे कायदेशीर स्थान सांगता येईल.
• श्रमातील सहभाग आणि निर्णयातील सहभाग यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• उद्यानाच्या निर्मितीचे टप्पे व जोपासनेची तत्त्वे उदाहरणांसह मांडता येतील.
• लोकसहभागाच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.
• उद्यान समितीच्या कामकाजासाठी लागणारे साधे लेखन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सामाईक जागा ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. गायरान, देवराई, पाणवठा, वडाभोवतीचा पार या गावातील जागा कोणा एकाच्या मालकीच्या नसत. पण त्या बेवारसही नसत. गायरानात कोणाची गुरे चरतील, देवराईतील वाळलेल्या फांदीलाही हात लावावा की नाही, याचे संकेत गावात सर्वांना ठाऊक असत. या व्यवस्थेत जातिभेदाचा मोठा दोष होता. पाणवठा सामाईक म्हटला, तरी तो सर्वांना खुला नव्हता, हे महाडच्या १९२७ सालच्या चवदार तळे सत्याग्रहाने जगापुढे मांडले. म्हणून सामाईक जागेचा विचार करताना दोन प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतात : ही जागा कोण सांभाळतो, आणि ती कोणाला खुली आहे?

शहरात आल्यावर सामाईक जागेचे रूप बदलले. ती 'सरकारी' झाली आणि सांभाळ करणे हे पगारी नोकराचे काम ठरले. याचा परिणाम आपण अनेक वस्त्यांत पाहतो. प्रवेशद्वारावरील उद्घाटनाची कोनशिला शाबूत असते. आतील झोपाळ्याची साखळी मात्र तुटलेली असते, कारंजे कोरडे पडलेले असते आणि रोपांच्या जागी नुसती आळी उरलेली असतात. निधी मिळाला, ठेकेदार नेमला, काम पूर्ण झाले, तरी उद्यान का टिकले नाही, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ उद्यानाचे कायदेशीर स्थान

भारतीय संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने (१९९२) नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा पुरविणे हा विषय समाविष्ट आहे. म्हणजे उद्यान ही सत्ताधाऱ्यांनी केलेली कृपा नसून स्थानिक संस्थेच्या कार्यक्षेत्रातील बाब आहे. पर्यावरणाचे संरक्षण हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे.

महाराष्ट्रात शहरातील जमिनीचा वापर 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६' अन्वये तयार होणाऱ्या विकास आराखड्यात ठरतो. आराखड्यात एखादा भूखंड उद्यानासाठी दाखविला जातो, त्यास 'आरक्षण' म्हणतात. आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे. खासगी मालकीचा आरक्षित भूखंड दहा वर्षांत ताब्यात घेतला गेला नाही, तर मालकास सूचना देऊन पुढील विहित मुदतीनंतर आरक्षण व्यपगत झाल्याचे सांगता येते. रहिवाशांना आपल्या वस्तीतील आरक्षणांची माहितीच नसेल, तर जे उद्यान कधी झालेच नाही ते गमावल्याचेही त्यांना कळत नाही. म्हणूनच सहभागाचा आरंभ कुदळ-फावड्याने न होता नकाशाच्या वाचनाने व्हावा लागतो.

केंद्र शासनाच्या २०१४ सालच्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, अशी शिफारस आहे. मुंबईसारख्या दाट शहरात प्रत्यक्ष प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. अशा स्थितीत प्रत्येक लहान भूखंडाचे मोल वाढते.

५.२.२ बंगळूरचा निवाडा : रहिवाशाला विचारण्याचा अधिकार

बंगळूर शहरातील राजमहाल विलास विस्तार या वसाहतीच्या योजनेत एक भूखंड सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवला होता. १९७६ साली मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून तो एका खासगी संस्थेला रुग्णालयासाठी देण्यात आला. वसाहतीतील रहिवाशांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. रुग्णालयही लोकोपयोगीच आहे, आणि या रहिवाशांचे व्यक्तिशः काही नुकसान झालेले नसल्याने त्यांना तक्रार करण्याचा अधिकार नाही, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली 'बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाकडे वळविणे कायद्यात बसत नाही आणि त्या परिसरातील रहिवाशांना यास हरकत घेण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने मानले.

या निवाड्याचे महत्त्व आपल्या विषयापुरते असे : उद्यानाशी रहिवाशाचा संबंध हा केवळ 'वापरणाऱ्या'चा नसतो. जागेच्या भवितव्याबाबत प्रश्न विचारणारा म्हणूनही त्याला स्थान आहे.

५.२.३ सहभागाच्या पायऱ्या

'लोकसहभाग' हा शब्द शासकीय योजनांत विपुल आढळतो. त्याचा अर्थ मात्र दर वेळी एकच नसतो. शेरी आर्न्स्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर सहभागाचा केवळ देखावा असतो. लोकांना गोळा करून त्यांची संमती मिळविली जाते. मधल्या पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते. पण ते मानण्याचे बंधन कोणावर नसते. वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, अधिकारांचे हस्तांतरण आणि नागरिकांचे नियंत्रण येते.

आपल्या शहरांतील एक नेहमीचे दृश्य या शिडीवर ठेवून पाहू. पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो. शाळकरी मुले व रहिवासी रोपे लावतात, छायाचित्रे निघतात. कोणती झाडे लावायची, कोठे लावायची, पाणी कोण घालणार हे आधीच ठरलेले असते किंवा ठरलेलेच नसते. येथे लोकांचे श्रम घेतले गेले. निर्णयात त्यांना वाटा मिळाला नाही. ज्याने जागा निवडली नाही आणि झाड निवडले नाही, त्याला मार्च महिन्यात ते झाड सुकताना आपला पराभव वाटत नाही. जोपासना टिकण्याचे मूळ निर्णयातील वाट्यात आहे, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) बाराव्या अनुसूचीचा उद्यानाशी संबंध कोणता?
आ) आरक्षण आणि उद्यान यांत फरक काय?
इ) वृक्षारोपणाचा कार्यक्रम सहभागाच्या शिडीवर खाली का राहतो?

५.२.४ निर्मितीचे टप्पे

(१) पाहणी : भूखंडाची मालकी, आरक्षण, अतिक्रमण, पाण्याची सोय, उतार व सांडपाण्याचा निचरा यांची नोंद करावी. भूखंडावर आधीपासून कोणाचा वावर आहे हेही नोंदवावे. रिकामा दिसणारा भूखंड बहुधा रिकामा नसतो : सकाळी तेथे मुले चेंडूफळी खेळतात, दुपारी रिक्षाचालक सावलीला थांबतात, संध्याकाळी भाजीवाली टोपली मांडते.

(२) बैठका : एका मोठ्या सभेत ठरावीक माणसेच बोलतात. म्हणून स्त्रिया, वृद्ध, किशोरवयीन मुले, घरकाम करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक यांच्या स्वतंत्र लहान बैठका त्यांच्या सोयीच्या वेळी घ्याव्यात. 'आपणांस काय हवे?' यापेक्षा 'आपण या जागेत दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कशासाठी येता?' हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

(३) आराखडा : मागण्या परस्परविरोधी असतात. वृद्धांना शांतता हवी असते, मुलांना खेळ. जागा पुरत नसेल तेव्हा वेळ वाटून घेता येते. हा वाद आराखड्याच्या कागदावर मिटविला नाही, तर तो पुढे बाकांच्या मोडतोडीतून प्रकट होतो.

(४) झाडांची निवड : कडुलिंब, करंज, बहावा, तामण, बकुळ, कांचन ही आपल्या हवामानात रुळलेली झाडे आहेत. तामणाचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. हिरवळ डोळ्यांना सुखावते. पण तिला रोज पाणी लागते आणि ती दुपारी सावली देत नाही. ज्या वस्तीत पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे हिरवळीचा आग्रह धरणे विसंगत आहे.

(५) करार : महापालिका व रहिवाशांची समिती यांच्यात लेखी करार असावा. माळ्याचे वेतन कोण देणार, पाण्याची जोडणी कोणाच्या नावे, विजेचे देयक कोण भरणार, करार किती वर्षांचा आणि तो संपल्यावर पुढे काय, या गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाते.

५.२.५ जोपासनेची तत्त्वे

सामाईक गोष्टीचा प्रत्येक जण लाभ घेतो आणि कोणीच सांभाळ करीत नाही, म्हणून तिचा नाश अटळ असतो, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील पाटबंधारे, कुरणे, वने व मत्स्यक्षेत्रे यांचा अभ्यास करून दाखविले की, लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑस्ट्रॉम यांचे म्हणणे समजण्यास परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड सिंचनपद्धती हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, लाभक्षेत्राचे 'फड' पाडायचे आणि पंचांच्या देखरेखीखाली पाणी वाटायचे, अशी ही व्यवस्था. पाणी देण्यासाठी पाटकरी आणि पिकाच्या राखणीसाठी जागल्या नेमलेला असे. ज्यांना पाणी मिळे तेच नियम करीत, आणि राखणदार त्यांनाच उत्तरदायी असे.

उद्यानाला ही तत्त्वे पुढीलप्रमाणे लागू करता येतील.

पहिले, नियम स्थानिक असावेत. सर्व शहराला एकच वेळापत्रक लावण्याऐवजी त्या वस्तीच्या दिनक्रमाप्रमाणे वेळा ठरवाव्यात.

दुसरे, कामाची वाटणी नेमकी असावी. रोपाचे पहिले दोन-तीन उन्हाळे कसोटीचे असतात. 'सर्वांनी पाणी घालावे' या वाक्याचा व्यवहारातील अर्थ 'कोणीही घालणार नाही' असा होतो. वाफा, वार आणि व्यक्ती यांची सांगड घातलेला तक्ता फलकावर लावावा.

तिसरे, देखरेख वापरणाऱ्यांनीच करावी आणि नियमभंगाची दखल क्रमाक्रमाने घ्यावी : प्रथम समजावणे, मग समितीपुढे विषय आणणे, शेवटी महापालिकेकडे तक्रार. दंड करण्याचा अधिकार समितीला नसतो, याचे भान ठेवावे. झाड तोडण्याचा अधिकारही समितीला नाही. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' नुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते.

चौथे, माळ्याला समितीच्या बैठकीत स्थान असावे. कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबते आणि कोणते झाड आतून पोखरले आहे, हे त्याला प्रथम कळते. त्याला केवळ सूचना देणारी समिती आपले डोळेच मिटून घेते.

येथे एक सावधगिरी हवी. फडाचे लाभधारक मोजके व निश्चित असतात. सार्वजनिक उद्यानात कोणीही येऊ शकतो. म्हणून नियम करणारे आणि वापरणारे यांच्यात अंतर पडण्याचा धोका उद्यानात अधिक असतो.

५.२.६ दोन उदाहरणे

मुंबईचे ओव्हल मैदान : उच्च न्यायालय व मुंबई विद्यापीठाच्या इमारतींसमोरील सुमारे २२ एकरांचे हे मैदान राज्य शासनाच्या मालकीचे आहे. देखभालीअभावी त्याची दुर्दशा झाली होती. १९९० च्या दशकात ओव्हल-कूपरेज परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि पुढे मैदानाच्या देखभालीची जबाबदारी स्वीकारली. मैदानाच्या दोन बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहांचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मालकी शासनाची, देखभाल रहिवाशांची आणि वापर सर्वांचा, अशी ही त्रिपेडी रचना आहे. दूरच्या उपनगरांतून क्रिकेट खेळायला येणारी मुले हा या मैदानाचा प्राण आहे. मात्र एवढ्या वर्षांच्या देखभालीसाठी पैसा, वेळ आणि कायद्याचे ज्ञान लागते, आणि ते सर्व वस्त्यांकडे सारखे नसते, हेही विसरू नये.

न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागा : १९७३ साली लिझ ख्रिस्टी व तिच्या शेजाऱ्यांनी मॅनहॅटनमधील बावरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून तेथे बाग केली. महापालिकेने तो नाममात्र भाड्याने दिला. १९७८ साली अशा बागांना साह्य करणारा 'ग्रीनथंब' हा उपक्रम महापालिकेने सुरू केला. रहिवाशांच्या श्रमाने परिसर सुधारला, जमिनीचे भाव चढले आणि १९९९ साली महापालिकेने शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढल्या. आंदोलनानंतर दोन विश्वस्त संस्थांनी त्या विकत घेतल्याने त्या बागा वाचल्या.

न्यूयॉर्कच्या रहिवाशांकडे कष्ट होते, कल्पकता होती. जमिनीवर टिकाऊ हक्क मात्र नव्हता. करारातील मुदत आणि आराखड्यातील आरक्षण या रुक्ष वाटणाऱ्या गोष्टी खतपाण्याइतक्याच महत्त्वाच्या का आहेत, हे या उदाहरणावरून कळते.

५.२.७ 'रहिवासी' कोण?

लोकसहभागाच्या समर्थकांनी टाळू नये असा हा प्रश्न आहे. व्यवहारात 'रहिवासी' म्हणजे आसपासच्या गृहनिर्माण संस्थांचे सभासद, असा अर्थ घेतला जातो. मग पलीकडच्या झोपडपट्टीतील मूल, इमारतीत धुणीभांडी करणारी बाई आणि रात्रपाळीचा पहारेकरी हे कोण?

उद्यानाच्या वेळांचे उदाहरण घ्या. अनेक उद्याने सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. फिरायला जाणाऱ्या नोकरदारास या वेळा सोयीच्या आहेत. पण सकाळची कामे आटोपून दुपारची कामे सुरू होण्यापूर्वी तासभर टेकायला सावली शोधणाऱ्या बाईला त्याच वेळी फाटकाला कुलूप दिसते. ती पदपथावर बसते. कुंपणाच्या आत झाडाखालचा बाक रिकामा असतो. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसेलही; नियम करताना ती बाई बैठकीत नव्हती, एवढेच.

मोकळ्या जागा संस्थांकडे दत्तक देण्याच्या मुंबई महापालिकेच्या धोरणावरून २०१६ साली मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशीही हीच भीती होती : सांभाळणारा हळूहळू मालक होईल आणि सार्वजनिक जागेचे क्लबात रूपांतर होईल. यावर उपाय म्हणजे समितीत वापरणाऱ्या सर्व गटांना स्थान देणे, प्रवेश विनाशुल्क ठेवणे, हिशेब फलकावर लावणे आणि अंतिम जबाबदारी महापालिकेकडेच राखणे. सहभाग हा शासनाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. ज्या वस्तीला वर्गणी देणे परवडत नाही, तिलाही उद्यानाचा हक्क आहे.

५.२.८ सहभागाची भाषा

मराठीचे विद्यार्थी म्हणून आपण या विषयाकडे भाषेच्या अंगानेही पाहू. पुढील दोन सूचना वाचा.

(क) 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उद्यान सुशोभीकरणाच्या कामी सहकार्य करावे.'

(ख) 'आपल्या उद्यानात दुपारी फाटक उघडे ठेवावे का, हे रविवारी सकाळी आठ वाजता पिंपळाखाली बसून ठरवू. घरकामाला येणाऱ्या ताईंनी व वॉचमन दादांनी अवश्य यावे. त्यांना ही वेळ जमत नसेल, तर सोयीची वेळ माळीदादांजवळ सांगावी.'

पहिल्या सूचनेत कर्मणी रचना आहे. कोण कळवितो आणि कोणी काय करायचे, हे त्यातून समजत नाही. दुसऱ्या सूचनेत प्रश्न, वेळ, स्थळ आणि निमंत्रित स्पष्ट आहेत. 'ठरवू' या क्रियापदाने वाचणाऱ्याला निर्णयात ओढून घेतले आहे.

बैठकीचे इतिवृत्तही असेच नेमके असावे. विषय, चर्चेचा गोषवारा, ठराव, जबाबदार व्यक्ती आणि मुदत हे पाच रकाने पुरेसे आहेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पुढील बैठकीच्या आरंभी मागील इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) फड पद्धती आणि उद्यान यांत कोणता फरक आहे?
आ) न्यूयॉर्कच्या बागा कशामुळे संकटात आल्या?

५.३ सारांश

उद्यान ही स्थानिक संस्थेच्या कार्यक्षेत्रातील नागरी सुविधा असून त्याच्या भवितव्याबाबत प्रश्न विचारण्याचा रहिवाशाला अधिकार आहे. केवळ श्रमदानाने उद्यान टिकत नाही. पाहणीपासून करारापर्यंतच्या निर्णयांत वाटा मिळाला, तर जोपासना आपोआप अंगवळणी पडते. त्यासाठी स्थानिक नियम, नेमकी कामवाटणी, वापरणाऱ्यांची देखरेख आणि जमिनीवरील टिकाऊ हक्क यांची आवश्यकता असते. सहभागाची खरी कसोटी मात्र बैठकीला कोण आले यापेक्षा कोण येऊ शकले नाही, यावर लागते.

५.४ पारिभाषिक शब्द

आरक्षण : विकास आराखड्यात सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली जागा.
व्यपगत होणे : मुदत संपल्याने अंमल संपणे.
वृक्ष प्राधिकरण : नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी नेमलेले वैधानिक मंडळ.
इतिवृत्त : सभेच्या कामकाजाची लेखी नोंद.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) उद्याने, बागा व क्रीडांगणे पुरविणे हा विषय या अनुसूचीत आहे. आ) आरक्षण ही आराखड्यातील नोंद आहे; जागा ताब्यात घेऊन विकसित केल्यावर उद्यान होते. इ) त्यात लोकांचे श्रम घेतले जातात, निर्णयात वाटा दिला जात नाही.
प्रश्न २ : अ) फडाचे लाभधारक निश्चित असतात, उद्यान सर्वांना खुले असते. आ) बाग करणाऱ्यांना जमिनीवर टिकाऊ हक्क नव्हता.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) 'जोपासना टिकण्याचे मूळ निर्णयातील वाट्यात आहे.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) बंगळूर व न्यूयॉर्क येथील उदाहरणांची तुलना करा.
३) 'सांभाळणारा मालक होण्याचा धोका' या विषयावर ३०० शब्दांत टिपण लिहा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या वस्तीतील एका उद्यानास सकाळी, भर दुपारी व संध्याकाळी अशी तीनदा भेट द्या. प्रत्येक वेळी आत कोण आहे आणि फाटकाबाहेर कोण थांबले आहे, याची नोंद करा. माळ्याशी बोला. आपल्या निरीक्षणांवरून उद्यानाच्या एका नियमात बदल सुचविणारे पत्र महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या उद्यान विभागास लिहा. ते पाठविण्यापूर्वी त्या नियमाची झळ ज्यांना बसते, त्यांतील किमान एका व्यक्तीस वाचून दाखवा आणि तिने सुचविलेली दुरुस्ती त्यात करा.